आकस

उद्यमनगरात पत्र्याचा जिना चढून
तवनाप्पा मगदूम आले माझ्या ऑफिसात,
कोपरापर्यंत लाकडाचा भुसा,
आणि नापास पोराचं प्रगतिपुस्तक धरावं
तसा धरलेला फोन.
"पोरी, आम्ही कुठं गेलोय बघ जरा."

मी शोधलं: पंप पॅटर्न मेकर कोल्हापूर.
पहिल्या पानावर नाहीत. दुसऱ्यावर नाहीत.
तिसऱ्याच्या तळाशी सापडले,
एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या खाली.

"पण कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर तर झक्कास दिसतंय की!"
दिसत होतं. २००८ साली भाच्यानं केलेलं,
तिथल्याच मोठ्या काचेवर बेतलेलं.
वर सरकती पट्टी, आपले सहर्ष स्वागत,
खाली भेट दिलेल्यांचा आकडा,
आणि मधोमध त्यांचे वडील,
१९६७, सागवानाच्या पहिल्या इम्पेलरसोबत.

तेच मी त्यांच्या फोनवर उघडलं.
अक्षरं मुंग्यांएवढी.
चिमटीनं ताणली तर अर्धं वाक्य डावीकडं पळालं,
अर्धं उजवीकडं,
आणि वडिलांचा नुसता कान उरला काचेवर.
ते काही बोलले नाहीत. कान बघत राहिले.

काका, मी म्हटलं, गिऱ्हाईक आता खुर्चीत बसून शोधत नाही.
ते रात्री अकराला शिरोळकडं कुठंतरी
मळीच्या वासात, बंद पंपाशेजारी उभं असतं,
एका हातात बॅटरी, दुसऱ्यात हे.
आणि शोधणारं यंत्रही आता
हे धाकटं रूपच आधी वाचतं,
त्यावरून ठरवतं
पंगतीत कुणाला कितव्या पाटावर बसवायचं.

"म्हंजे बारकं करायचं?"
तसं नव्हे, म्हणायला मी तोंड उघडलं
तोवर त्यांनी खिशातनं पोलादी पट्टी काढली.
"ही बघ. फूट हाय, पण फुटापेक्षा मोठा.
बिडाचं ओतीव थंड होताना
फुटामागं एक सूत आकसतंय.
म्हणून लाकूड आधीच तेवढं वाढवून कापायचं.
लोखंडाच्या मनात आकस नसतोय गं,
ते आकसणारच.
चूक असती ती हिशोबात न धरणाऱ्याची."

दोन वर्षं मी हेच
लोकांना स्लाइड दाखवून समजावत होते.

मग आम्ही कापायला बसलो.
सरकती पट्टी गेली. आकडा गेला,
चौदा हजार दोनशे सहावर कधीचा अडकलेला.
भट्टीचा फोटो इतका जड
की उघडेपर्यंत भट्टी विझावी.
"तो राहू दे." राहू दिला, हलका करून.
तीन रांगांची एक रांग झाली,
महाद्वार रोडच्या गर्दीत
घरची माणसं एकामागं एक होतात, तशी.
फोन लावायचं बटण केवढं?
मी माप सांगणार
तोवर त्यांनी व्हर्नियर लावला स्वतःच्या अंगठ्याला.
बावीस पॉइंट चार.
शेंडा करवतीनं नेलेला, एक्याण्णव साली.
"एवढं तरी पायजेच. आमच्या धंद्यात
सगळ्यांचे अंगठे असलेच."

अडलं ते वडिलांवर.
नंबर वर, की वडील वर?
चहा आला, गार झाला.
खालचा लेथ थांबला, पुन्हा सुरू झाला.
"नंबर," ते म्हणाले.
"त्यांचं काय, जन्मभर मागच्या खोलीतच हुते."

तीन आठवडे झाले.
एकतिसावरून सतरा. काल चौदा,
आज परत पंधरा.
पहिल्या पानाचं वचन मी दिलेलं नाही,
त्यांनी मागितलेलंही नाही.
फक्त सकाळी जिन्याखालून जाताना
हाक मारतात, फोन वर धरतात,
अर्ध्या अंगठ्यानं खाली, अजून खाली सरकवत,
जिथं वडील उभे आहेत,
दोन्ही कानांसकट,
आकसलेले,
पण मापात.